कराटेतले जपानी शब्द डोक्यात कसे बसवायचे? (पांढरा पट्टा, वय ३८)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकची. जूनपासून मुलीबरोबर कराटेच्या क्लासला जातेय. ती नऊ वर्षांची आहे, आधी मी फक्त तिला सोडायला जायचे आणि तासभर बाहेर बाकड्यावर बसायचे, मग एकदा सरच म्हणाले ताई बाहेर बसण्यापेक्षा आत या की, तर गेले, आणि आता क्लासचा दिवस कधी येतो याची मी तिच्यापेक्षा जास्त वाट बघते. शोतोकान शैली शिकवतात. हातपाय हळूहळू वळायला लागलेत, दम पण टिकतो, अडतंय ते शब्दांपाशी.

सर वर्गात सगळं जपानीतच सांगतात. "मावात्ते" म्हणाले की सगळी रांग वळते आणि मी अर्धा सेकंद विचार करत उभी, तेवढ्यात पुढचा आकडा पडलेला असतो. "गेदान बराई" आणि "आगे उके" यात वर कुठलं आणि खाली कुठलं हे घरी बसून बरोबर सांगते पण तिथे उभं राहिलं की हात चुकीच्या दिशेला जातो. पिवळ्या पट्ट्याची परीक्षा सहा आठवड्यांवर आहे, त्यात तोंडी प्रश्न पण असतात. सरांनी दोन पानांची यादी दिलीय, साठेक शब्द, इंग्रजी अक्षरांत, समोर इंग्रजी अर्थ. रोज रात्री भांडी आवरली की घेऊन बसते, सकाळी निम्मे गेलेले असतात. मुलीने यादी एकदाही उघडलेली नाही आणि तिला सगळं येतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, पाठ कसं करायचं. दोन, उच्चार नक्की कुठले, कारण एकच शब्द कधी "केरी" ऐकू येतो कधी "गेरी", कधी "त्सुकी" कधी "झुकी", हे वेगवेगळे शब्द आहेत का? आणि तीन, चार या आकड्याला सर मोजताना "शि" म्हणतात पण काताच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या, नावात "योन" म्हणतात, असं का. परीक्षेत मुलीशेजारी उभी राहणार आहे, मला हे खरंच नीट यायला हवंय.

जुना_ब्राउनबेल्ट:
ताई, यादी बाजूला ठेवा. फेकू नका, शेवटच्या आठवड्यात लागेल, पण रात्री बसून वाचायची बंद करा. तुमच्या मुलीला येतं कारण तिने तो शब्द कधी वाचलेलाच नाही, तिने तो ऐकला आणि त्याच क्षणी हात हलवला, तिच्यासाठी "आगे उके" म्हणजे कपाळाच्या वर जाणारा हात आहे, "वरचा अडथळा" असा अर्थ तिच्या डोक्यात मधे येतच नाही. तुमच्या डोक्यात आधी जपानी शब्द, मग इंग्रजी अर्थ, मग मराठी, मग हात, एवढा प्रवास होतो आणि तिथेच तो अर्धा सेकंद जातो.

मी काय केलं होतं ते सांगतो. घरात आरशासमोर उभं राहून प्रत्येक हालचाल करताना तिचं नाव मोठ्याने म्हणायचं. मनात नाही, मोठ्याने. श्वास सोडता सोडता. रोज फक्त चार शब्द, दहा दहा वेळा, दोन्ही बाजूंनी. दुसरं म्हणजे मुलीलाच सेन्सेई, म्हणजे शिक्षक, करा, तिने उलटसुलट आज्ञा द्यायच्या आणि तुम्ही करायच्या. लहान मुलं यात अजिबात सूट देत नाहीत, त्याचा फार फायदा होतो. तिसरं, सरांची परवानगी घेऊन वर्गातल्या आज्ञा फोनवर रेकॉर्ड करा आणि पोळ्या लाटताना लावा.

आणि सगळ्यात आधी दोनच शब्द पक्के करा, "हाजिमे" म्हणजे सुरू आणि "यामे" म्हणजे थांबा. बाकी काही चुकलं तर फार तर सर परत दाखवतील, पण समोर जोडीदार असताना "यामे" ऐकून जो थांबत नाही तो कुणाचं तरी नाक फोडतो. माझ्यासमोर झालंय असं, म्हणून सांगतोय.

कोल्हापूर_दोज्यो:
मी गेली बावीस वर्षं शिकवतोय. ब्राउनबेल्ट भाऊंनी सांगितलं ते बरोबरच आहे. आमच्याकडे तालमीत कुणी पोरांना यादी देत नाही, ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी हे शब्द वस्ताद मातीत उभं राहून बोलतो आणि पोरगं अंगावर घेऊनच शिकतं. पण मोठ्या वयात शिकणाऱ्याला अर्थ कळला की पाय लवकर रोवतात असा माझा अनुभव आहे, त्यामुळे मी थोडं वेगळं सांगतो.

पहिली गोष्ट, ती यादी आजच देवनागरीत लिहून काढा, स्वतःच्या हाताने. इंग्रजी स्पेलिंगने फार वाटोळं होतं. मी अशी मुलं बघितलीत जी "आगे उके"ला "एज युके" वाचतात, "माए गेरी"चं "मे गेरी" करतात, "किमे"चं "काइम" करतात. त्यांचा दोष नाही, समोर इंग्रजी अक्षरं दिसली की डोळा इंग्रजीच वाचतो. जपानी स्वर पाचच, आ इ उ ए ओ, आणि ते कधी बदलत नाहीत. देवनागरीत ते जसेच्या तसे बसतात.

दुसरी गोष्ट मराठी माणसाच्या फायद्याची. "त्सुकी" म्हणताना हिंदीवाल्यांची जीभ अडखळते, आपली अडखळायचं कारण नाही. "चूल" म्हणा. त्यातला जो च आहे तोच जपानी त्सु. "चिमणी"तला च वेगळा, तो "इचि" मध्ये येतो, इचि म्हणजे एक. तसंच "झुकी" लिहितात तिथे खरं तर "जुना" शब्दातला ज आहे. म्हणजे आपल्याकडे दोन च, दोन ज आधीच आहेत, बाकीच्यांना ते शिकावे लागतात. पण यातच एक खड्डा पण आहे, तो बघा. दहाला जपानीत जे म्हणतात ते आपण "जू" लिहिलं तर मराठी माणूस बैलाच्या मानेवरचं जू वाचतो, ते चूक. ते "ज्यू" आहे. "जोदान" लिहिलं की आपण "जोर"मधला जो म्हणतो, पाहिजे "ज्योदान". "चुदान" नाही, "च्यूदान". ज्योदान म्हणजे वरची पातळी, च्यूदान मधली, गेदान खालची. माझ्या नावातलं दोज्यो, म्हणजे सरावाची जागा, म्हणूनच तसं लिहिलंय. हे एवढं वहीत नीट लिहिलं की उच्चार आपोआप सुधारतो.

तिसरं, तुमचा केरी-गेरीचा प्रश्न. शब्द एकच आहे. एकटा असला की केरी, म्हणजे लाथ, पुढे दुसरा शब्द जोडला की गेरी. माए-गेरी समोरची, योको-गेरी बाजूची, मावाशी-गेरी फिरवून मारलेली, उशिरो-गेरी मागची. तसंच ठोसा म्हणजे त्सुकी एकटा, पण ओइ-झुकी, ग्याकु-झुकी. ताची म्हणजे उभं राहणं, पण झेनकुत्सु-दाची, कोकुत्सु-दाची, किबा-दाची. हाराई म्हणजे झटकणं, पण गेदान-बराई. शाळेतली व्यंजनसंधी आठवा, वाक् + ईश्वरी = वागीश्वरी, क चा ग झाला. जगत् + ईश = जगदीश, त चा द झाला. इथेही क चा ग, त चा द. फरक एवढाच की आपल्याकडे पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर मऊ होतं आणि त्यांच्याकडे दुसऱ्या शब्दाचं पहिलं. "उके" स्वराने सुरू होतो, म्हणून तो कुठेही उकेच राहतो. वर्गात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं आहेत, त्यांना हे सांगितल्यावर परत कधी सांगावं लागलं नाही.

आता साठ शब्दांची भीती. पहिला काता हेइआन शोदान असणार तुमचा. त्यात २१ हालचाली आहेत पण नावं किती? गेदान-बराई, तेत्सुई-उची, ओइ-झुकी, आगे-उके, शुतो-उके. पाच. आणि उभं राहायच्या पद्धती दोन, झेनकुत्सु आणि कोकुत्सु. सात शब्दांत पूर्ण काता. तो काता करताना प्रत्येक हालचालीला नाव पुकारत करा, हळू, ताकद न लावता. रोज तीनदा. दोन आठवड्यांनी सांगा.

सह्यभटक्या:
मी पण नवीनच आहे, दोन महिने झाले. मी "कराटे" असं लक्षात ठेवलंय की कर म्हणजे संस्कृतमध्ये हात, करकमल वगैरे म्हणतो आपण, म्हणून हाताची विद्या. बरोबर आहे ना हे?

योकोहामा_मराठी:
@सह्यभटक्या, नाही हो, हा योगायोग आहे. तुकडे "कर-आटे" असे पडत नाहीत, "कारा" आणि "ते" असे पडतात. हात म्हणजे शेवटचा "ते". "कारा" म्हणजे रिकामं. कराओके माहीत आहे ना, त्यातला कारा हाच, रिकामा ऑर्केस्ट्रा, म्हणजे वाजवणारे नाहीत नुसतं संगीत. तसा हा रिकामा हात. आपल्याकडे तो ट इंग्रजीतून आला, इथे सगळे "काराते" म्हणतात, तोंडातला त.

पण याच्यामागे अजून एक गोष्ट आहे. पूर्वी ओकिनावात हा कारा वेगळ्या अक्षराने लिहायचे, त्याचा अर्थ तांग राजवट, म्हणजे थोडक्यात चीन, "चिनी हात". फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये तोक्योला प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हाही ते जुनं अक्षरच चालू होतं. पुढे "रिकामं" अर्थाचं अक्षर रूढ होत गेलं आणि १९३६ मध्ये ओकिनावात नाहा शहरात तिथल्या जाणत्या शिक्षकांची बैठक झाली, तिथे तेच ठरलं. उच्चार तोच राहिला, अर्थ बदलला. आणि हे रिकाम्याचं अक्षर म्हणजे बौद्ध ग्रंथांत जिथे जिथे "शून्यता" येतं तिथे जपानीत वापरतात ते. प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातलं "रूपं शून्यता, शून्यतैव रूपम्" हे इथे देवळात म्हणतात तेव्हा हेच अक्षर असतं, फक्त तिथे त्याचा उच्चार "कू" होतो. त्याचाच तिसरा अर्थ आकाश. दोज्यो हा शब्दही असाच आपल्याकडून गेलाय, बुद्धाला ज्या जागी बोधी मिळाली तिला संस्कृतात बोधिमंड म्हणतात, त्याचं हे भाषांतर. मी लहानपणी डोंबिवलीत हिरव्या पट्ट्यापर्यंत शिकलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं, अकरा वर्षं इथे राहून कळलं.

आता मूळ प्रश्नाकडे. गोदाकाठ ताई, तुमच्या शि आणि योनचं कोडं आणि निम्मी यादी एकाच किल्लीने उघडते. आपल्याकडे हात आणि हस्त असे दोन शब्द आहेत बघा. एकटा बोलताना हात, पण हस्ताक्षर, हस्तकला. डोळा पण नेत्रदान. जपानीत हेच आहे, फक्त घरगुती शब्द त्यांचा आणि जोडशब्दात येणारा चीनकडून आलेला, आणि दोघांना अक्षर एकच. हात घरगुती "ते", तो काराते, कुमिते (जोडीदाराशी लढत), हिकिते (मागे खेचलेला हात) यात. तोच चिनी वळणाचा "शु", तो शुतो मध्ये, शु हात आणि तो तलवार, हाताची तलवार. पुढे म्हणजे "माए", माए-गेरी. तोच जोडशब्दात "झेन", म्हणून झेनकुत्सु, पुढे वाकून. मागे म्हणजे "उशिरो", तोच "को", म्हणून कोकुत्सु, मागे वाकून. म्हणजे माए-गेरी कळली की झेनकुत्सु अर्धं कळलेलंच आहे. आणि चार? "योन" घरगुती, "शि" चिनी. शि चा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे म्हणून लोक जमेल तिथे टाळतात, इथे बऱ्याच हॉस्पिटलांत चार नंबरची खोली नसते. म्हणून हेइआन योनदान, शिदान नाही. पण मोजताना इचि नि सान शि चालतं, लय बसते. सातचंही तसंच, शिचि आणि नाना.

मावात्ते विसरता ना? "मावारु" म्हणजे फिरणे, "मावासु" म्हणजे फिरवणे. फिरणे-फिरवणे जसं आपलं, अगदी तसंच. मावात्ते म्हणजे फिर, मावाशी-गेरी म्हणजे फिरवलेली लाथ. एक शब्द दोन कामं करतो.

आणि एक मनापासून सांगतो, "उके"चा अर्थ यादीत ब्लॉक लिहिला असेल, तो खोडा. उके हा "उकेरु"वरून आलाय, म्हणजे झेलणे, स्वीकारणे. चेंडू झेलतो तसं. इथे परीक्षेला बसणं पण उकेरु. अडवायचं म्हटलं की माणूस खांदा घट्ट करतो, झेलायचं म्हटलं की हात समोरच्याच्या हाताबरोबर जातो. माझी आगे-उके हा अर्थ कळल्यानंतर सुधारली, इथले सेन्सेई पण तसं म्हणाले.

कोल्हापूर_दोज्यो:
झेलणे! इतकी वर्षं मी "अडवणे" सांगत आलो. उद्यापासून बदलतो. योकोहामा भाऊ, मनापासून आभार. एक विचारू का, हाराईचा बराई होतो, तो ह चा ब कसा? क-ग, त-द मी संधीने समजावतो पण इथे पोरं अडवतात.

योकोहामा_मराठी:
सर, तो आज ह ऐकू येतो पण फार जुन्या जपानीत तो प होता. प चा ब, म्हणजे तुमचा नियम तसाच चालतो. आणि त्यांची अक्षरमाला पण कधी मुलांना म्हणून दाखवा, आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. क च ट त प य चा सांगाडाच आहे तो, बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकायचे, त्या वर्णमालेवरून हा क्रम आला. आपल्या च वर्गाच्या जागी तिथे सा आहे आणि प वर्गाच्या जागी हा, ते याच कारणाने.

गोदाकाठ:
एवढं सगळं लिहिलंत, खूप आभार. वही केली, देवनागरीत, आणि ज्यो च्यू पण सुधारले. मुलगी सेन्सेई झालीय आणि ती खरंच सूट देत नाही. हात-हस्त वाचून मी यादी परत बघितली आणि पहिल्यांदा वाटलं की यात आतून काहीतरी जोडलेलं आहे. 

पण नवीन गोंधळ निघालाय. "उची" म्हणजे आत असं लिहिलंय, उची-उके. मग तेत्सुई-उची मध्ये आत कुठे आहे? आणि गोज्यू-र्यू नावाची शैली आहे ना, गो म्हणजे पाच, ज्यू म्हणजे दहा, तर पन्नास हालचालींची शैली का ती?

कोल्हापूर_दोज्यो:
उची दोन आहेत ताई. एक आत आणि एक फटका, अक्षरं वेगळी, ऐकायला सारखे. खूण अशी की उची पुढे आला तर आत, मागे आला तर फटका. उची-उके आतून बाहेर येणारा, तेत्सुई-उची लोखंडी हातोड्यासारखा मुठीचा फटका. आता नीट ऐका, शोतोकानमध्ये उची-उके आतून बाहेर आणि सोतो-उके बाहेरून आत. काही शैलींत ही नावं बरोबर उलटी आहेत, ते लोक हात कुठे पोचतो त्यावरून नाव देतात आणि आपण कुठून निघतो त्यावरून. त्यामुळे इंटरनेटवर व्हिडिओ बघून वहीत लिहू नका, परीक्षा तुमचे सर घेणार आहेत, त्यांचंच धरा.

गोज्यूचं गणित बरोबर केलंत पण शब्द ते नाहीत. तिथे गो म्हणजे कठीण आणि ज्यू म्हणजे मऊ. ज्यूदोतला ज्यू तोच. नावात खरोखर आकडा असलेले काता वेगळे, नीज्यूशिहो म्हणजे चोवीस, गोज्यूशिहो म्हणजे चोपन्न. इथे मात्र शि आलाय बघा, योन नाही. ते तुम्हाला फार पुढे येतील. मोजणी मात्र सोपी आहे, दहा-एक, दहा-दोन, दोन-दहा, दोन-दहा-एक, संपलं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" दिलं तेव्हा केवढा वाद झाला होता, जपानी मुलं पहिल्यापासून तसंच मोजतात.

कुमिते_आई:
माझा मुलगा कुमिते खेळतो, मी स्वतः शिकलेली नाही पण चार वर्षं स्पर्धांना जाऊन बसते त्यावरून सांगते. पुढे मुलीला स्पर्धेला नेणार असाल तर पंचांचे शब्द वेगळे पडतात. आका म्हणजे लाल, आओ म्हणजे निळा. यूको एक गुण, ठोशाला. वाझा-आरी दोन, पोटाच्या उंचीवर लाथ बसली तर. इप्पोन तीन, डोक्याच्या उंचीवरची लाथ किंवा पडलेल्यावर नीट मारलेला ठोसा. शेवटचे पंधरा सेकंद राहिले की "आतो शिबाराकु" म्हणतात, ते ऐकलं की माझे हात गार पडतात. मॅटच्या बाहेर गेलं की "ज्योगाई". हा ज्यो तुमच्या दोज्योतलाच का?

योकोहामा_मराठी:
हो, तोच. ज्यो म्हणजे जागा. आणि गाई म्हणजे बाहेर, सोतो-उके मधला सोतो घरगुती आणि गाई चिनी वळणाचा, परत हात-हस्त.

माळरान:
एक प्रामाणिक प्रश्न. एवढा आटापिटा कशाला? मुलं मराठी, शिकवणारे मराठी, मग "वरचा झेल", "समोरची लाथ" असं म्हणून का नाही शिकवत? आपण मल्लखांब परदेशात शिकवला तर त्यांनी मराठी शब्द पाठ करावेत असं म्हणू का?

टोरांटो_पुणेकर:
@माळरान, मला उत्तर देऊ द्या कारण माझ्यावर वेळ आलीय. पुण्यात सात वर्षं शिकलो, मग इथे आलो, पहिले तीन महिने कुणाशी धड ओळख नाही, थंडी, इंग्रजी समजायचं पण समोरचे भराभर बोलायचे. एका संध्याकाळी घराजवळचा दोज्यो शोधत गेलो. शिकवणाऱ्या बाई पोर्तुगालच्या, शेजारी इराणी, चिनी, दोन इथलेच म्हातारे. बाई म्हणाल्या "सेइझा", आम्ही सगळे गुडघ्यावर बसलो. "मोकुसो", सगळ्यांनी डोळे मिटले. मग "कामाएते", "इचि". पुढचा दीड तास मला एकही शब्द विचारावा लागला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला इथे परकं वाटलं नाही. सरांनी पुण्यात "वरचा झेल" शिकवला असता तर मी त्या रांगेत उभा राहू शकलो नसतो.

आणि मल्लखांबाचं म्हणाल तर हो, मला वाटतं त्यांनी आपले शब्द शिकावेत. शब्दाबरोबर शिकवणारा येतो.

माळरान:
हे मला पटलं. मोकुसो म्हणजे काय?

टोरांटो_पुणेकर:
डोळे मिटून शांत बसणं, क्लासच्या सुरुवातीला आणि शेवटी. लिहिताना मोकुसो पण ऐकू येतं "मोक्सो". जपानीत कठोर व्यंजनांमधे आलेला इ आणि उ नुसता हवेसारखा जातो. म्हणून मोजताना पण इच्, रोक्, हाच् असं ऐकू येतं. आपण घर लिहितो आणि शेवटचा अ म्हणत नाही ना, त्याच्या जवळचं काहीतरी.

जुना_ब्राउनबेल्ट:
एक राहिलं. "ओस" म्हणायला विसरू नका ताई, आत शिरताना, सरांनी सांगितल्यावर, सगळ्यालाच ओस.

योकोहामा_मराठी:
इथे थोडं थांबवतो भाऊ. तुमच्या क्लासमध्ये म्हणत असतील तर जरूर म्हणा, शोतोकान आणि क्योकुशिनमध्ये फार चालतं, ढकलणे आणि सोसणे अशा दोन अक्षरांनी लिहितात, अर्थ सुंदर आहे. पण ओकिनावातल्या बऱ्याच दोज्योंमध्ये म्हणत नाहीत, तिथे साधं "हाय" म्हणतात, म्हणजे हो. आणि दोज्योबाहेर अनोळखी वडीलधाऱ्या जपानी माणसाला ओस म्हटलं तर उद्धट वाटतं. सुरुवातीला "ओनेगाइशिमास" आणि संपल्यावर "आरिगातो गोझाइमाश्ता" हे दोन सगळीकडे चालतात. दुसऱ्याचा शेवट भूतकाळी आहे, शिकवून झालं म्हणून. आणि सेन्सेई स्वतःला कुणी म्हणवत नाही, दुसऱ्याने म्हणायचं. त्याचा शब्दशः अर्थ आधी जन्मलेला, आपला अग्रज म्हणा.

कोल्हापूर_दोज्यो:
बरोबर. आमच्याकडेही शिकवणारे काही जण स्वतःच फलकावर सेन्सेई लिहून घेतात, मला ते कधी रुचलं नाही.

गोदाकाठ:
परीक्षा काल झाली, लगेच लिहायचं होतं पण घरी पाहुणे होते. पिवळा पट्टा मिळाला, दोघींना.

काताच्या वेळी मी मनात नावं म्हणत होते, गेदान-बराई, ओइ-झुकी, आणि पाचव्या-सहाव्या हालचालीनंतर लक्षात आलं की नावं थांबलीत आणि हात चाललेत. मावात्तेला रांगेबरोबर वळले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं उके म्हणजे काय, तर माझ्या तोंडून निघून गेलं, झेलणे. ते जरा थांबले. मग म्हणाले दाखवा, आणि स्वतः सावकाश ठोसा घेऊन आले. मी आगे-उके केली, खांदा सैल ठेवून. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न मुलीला विचारला.

तिला विचारलं शोदान म्हणजे काय. ती म्हणाली पहिला. मग घरी येताना गाडीवर मागे बसून तिने मला विचारलं, आई, एक म्हणजे तर इचि, मग इचिदान का नाही म्हणत, शो कुठून आला? मला सांगता आलं नाही. कुणी सांगाल का, तिला आज रात्री सांगायचं कबूल केलंय.

योकोहामा_मराठी:
दोघींचं अभिनंदन! तिला सांगा, शो म्हणजे एक नाही, आरंभ. आकडा वेगळा आणि सुरुवात वेगळी. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला पण शोदानच म्हणतात. आणि त्या अक्षराचा घरगुती उच्चार तिला आधीच येतो, सर रोज म्हणतात तो. हाजिमे.